जीपचा आखूड दांडा

सोमवार, चौदा जुलै, सकाळ. स्थळ: कोराडी रोडवरचं गॅरेज आणि त्याच्या मागचं चिखलाचं मैदान. उपस्थित: आमच्या संस्थेच्या जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, त्यांचे मदतनीस गजाननभाऊ, गॅरेजचे मालक सलीमभाई, आणि मी, संस्थेची व्यवस्थापक. शिवाय संस्थेची जुनी जीप. डॉक्टरसाहेब तिच्या पोटाखाली पाठीवर आडवे झाले होते आणि तेलात बुडवलेलं बोट नाकाशी धरून होते.

"जळकट नाई," ते खालून म्हणाले. "बाई, लिहून राहिले ना? वास आंबूस. रंग काळपट. चिकटपणा बरा."

"साहेब, हे शेण नाही, तेल आहे," मी म्हटलं.

"दोन्ही आतूनच येते."

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. गेल्या महिन्याभरात त्यांनी माझ्याकडे असं किती वेळा पाहिलं त्याची नोंद मी ठेवली नाही, आणि मी ठेवली नाही अशा थोड्या नोंदींपैकी ती एक.

आधी जीपचं सांगते, म्हणजे डॉक्टरसाहेबांचं आपोआप येईल. ही गाडी चारही चाकांवर चालते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही वाटून देणारी एक लोखंडी पेटी तिच्या पोटाखाली असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. सलीमभाई नुसतं डब्बा म्हणतात. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला दोन दांडे: लांब दांडा नेहमीच्या गिअरचा, आखूड दांडा या पेटीचा. डांबरी रस्त्यावर आखूड दांड्याला हात लावायचं कारण नाही. चिखल आला, नाला आला, की तो पुढे ढकलायचा, मग पुढची चाकंही ओढू लागतात. आमच्या जीपचा रोग असा होता की दांडा पुढे ढकलला, गाडी चिखलात शिरली, आणि ऐन जोर लागायच्या वेळी पेटीतून 'खाड्' आवाज येऊन दांडा आपोआप मागे सुटायचा. मग पुढची चाकं मोकळी, मागची जागच्या जागी फिरतायत, आणि डॉक्टरसाहेब नाल्याच्या मधोमध.

नाल्याच्या पलीकडे कन्हान नदीच्या अंगाची आमची गावं आहेत. पावसाळ्यात तिकडे एसटी जात नाही, साधी व्हॅन जात नाही, आणि दुसरा कुठलाही जनावरांचा डॉक्टर जात नाही. संस्थेच्या समितीची बैठक गुरुवारी होती. अध्यक्षांनी मला स्पष्ट सांगितलं होतं: ट्रान्सफर केसचा दोष सापडला आणि दुरुस्त होण्यासारखा असला तर गाडी ठेवू, नाहीतर जीप भंगारात काढून शहरासाठी व्हॅन घेऊ. व्हॅन म्हणजे पलीकडची गावं बंद. आणि गावं बंद म्हणजे डॉक्टरसाहेबांना उरणार शहरातल्या, सदर भागातल्या आमच्या दवाखान्यात मालकिणींच्या कडेवर बसून येणारी कुत्री. त्या कुत्र्यांना ते 'उशा' म्हणत. "एक उशी शिंकून राहिली," असं मला बाहेर येऊन सांगत, मालकिणीला ऐकू जाईल अशा आवाजात.

या माणसाबरोबर मी बारा वर्षं काम केलं आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे आले. कुणी फोन केला की उचलून पहिलं वाक्य ठरलेलं: "बोला, कोणतं जनावर?" एकदा अध्यक्षांचा फोन होता. अध्यक्ष म्हणाले, "मी अध्यक्ष बोलतोय." डॉक्टरसाहेब म्हणाले, "ते झालं. जनावर कोणतं?"

तारखा त्यांना कळत नसत, बाजाराचे दिवस कळत. मी भेटींचं वेळापत्रक करून भिंतीवर लावलं, रंग वेगवेगळे, गाव वेगवेगळं. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पेनानं गायीच्या शिंगांचं चित्र आणि 'डावं शिंग कापणे' असा मजकूर. मी नवीन लावलं. त्याच्या मागच्या बाजूला त्यांनी कोंबड्यांच्या लशीचा हिशेब केला. बैलांना द्यायला म्हणून जीपमध्ये गुळाची ढेप ठेवायचे, तीही औषधांच्या खोक्यात. मुंग्या औषधांतून निघून माझ्या फाइलींत यायच्या. मी चिडले की म्हणायचे, "गुळाच्या मुंग्या आहेत बाई, चावत नाई." चावायच्या.

एकदा माझं डोकं दुखत होतं तेव्हा त्यांनी माझी चौकशी केली, हेही लिहायला हवं. दाराशी उभं राहून विचारलं, "कालपासून खाणं कसं आहे? रवंथ सुरू आहे ना?" आणि उत्तर न ऐकता निघून गेले. दुपारी टेबलावर आल्याची वडी होती. कागदात गुंडाळलेली. कागद माझ्या वेळापत्रकाचा.

रोग ओळखण्याची त्यांची एक पद्धत होती आणि तीत बदल नाही. आधी लांबून पाहायचं. मग चालवून पाहायचं, मातीवर आणि कडक जमिनीवर. मग वास, मग स्पर्श. मालकाला विचारायचं सगळ्यात शेवटी. "जनावर बोलत नाई, अन् मालक खरं बोलत नाई," हे त्यांचं वाक्य. आणि दुसरं, "चिरफाड शेवटी." गायीला ते ठीक आहे. जीपला त्यांनी तेच लावलं आणि महिना घालवला.

सलीमभाईंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. "मॅडम, डब्बा खोल के देखते हैं ना. नाहीतर आख्खा डब्बाच बदलून टाकू. कामठीले एक जुनी गाडी तुटून राहिली, तिचा डब्बा मस्त आहे."

"दुसऱ्याचं पोट काढून हिच्यात घालता?" डॉक्टरसाहेब.

"साहब, ये मशीन है."

"अन् तुमी? तुमच्या पोटात दुखलं तर तुमी कामठीतून पोट आणता काय?"

सलीमभाईंची खरी अडचण वेगळी होती. गाडी त्यांच्याकडे दिली की ते स्वतः मैदानात चालवून पाहायचे, आणि गाडी सुरेख चालायची. खाड् नाही, सुटणं नाही, काही नाही. ते गाडी परत पाठवायचे. डॉक्टरसाहेब गावाकडे निघायचे, आणि पहिल्याच नाल्यात खाड्. असं चार खेपा झालं. सलीमभाईंना वाटू लागलं की आम्ही त्यांना बनवतोय. डॉक्टरसाहेबांना वाटू लागलं की सलीमभाई त्यांना बनवतायत. मला वाटू लागलं की मी दुसरी नोकरी बघावी.

त्यातली शेवटची खेप मोठी होती. पलीकडच्या गावात एका बाईची गाय अडली होती. वासरू आडवं. सकाळपासून तिचा फोन चालू होता, शेवटचा मलाच आला: "वं बाई, डॉक्टरसाहेबाले पाठवा ना लवकर, गाय पडून गेली माझी." जीप नाल्यात अडकली. डॉक्टरसाहेब आणि गजाननभाऊ औषधांचं खोकं डोक्यावर घेऊन मांडीभर पाण्यातून चालत गेले. वासरू जिवंत निघालं, गायही वाचली. संध्याकाळी दोघं ट्रॅक्टरवर बसून परत आले. डॉक्टरसाहेबांचे कपडे कमरेपर्यंत ओले, वर कोरडे, शर्टाची इस्त्रीही शाबूत. गजाननभाऊ खांद्यापर्यंत भरलेले. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे साबण मागितला. मी दिला आणि म्हटलं, या महिन्यात साबण फार जातोय. याउपर त्या दिवशी मी काही पाहिलं नाही.

तर सोमवार. तेलाचा वास घेऊन झाल्यावर डॉक्टरसाहेब बाहेर निघाले. निघताना त्यांनी उजव्या हातानं चाक धरलं आणि तेवढ्याच हातावर जोर देऊन उठले. गजाननभाऊ आधीच दुसऱ्या बाजूला जाऊन उभे होते. साहेबांना आधार द्यायला गजाननभाऊंनी डावी बाजू कशी बरोबर निवडली ते मला तेव्हा कळलं नाही.

मी म्हटलं, "आता माझं ऐका. आज सगळे चालवतील. एकाच चिखलात, एकाच चाकोरीतून, सारखंच. आधी सलीमभाई, मग गजाननभाऊ, मग मी, मग साहेब."

"गजानन?" डॉक्टरसाहेब म्हणाले. "त्याले काहून? ही गाडी एकाच हाताची आहे. चार जणांनी नाडी पाहिली तर चार नाड्या निघतात."

"म्हणूनच," मी म्हटलं.

बारा वर्षांत या जीपचं स्टिअरिंग त्यांनी कुणालाही दिलं नव्हतं. सलीमभाईंनाही गॅरेजपुरतंच. गजाननभाऊंकडे परवाना होता, संस्थेनेच काढून दिलेला, तो माझ्या कपाटात कोरा पडून होता. डॉक्टरसाहेब तंबाखू मळत पत्र्याच्या शेडखाली जाऊन बसले, पाठ आमच्याकडे.

मैदानातून कोळशाच्या ट्रकांनी मधोमध खोल चाकोऱ्या केल्या होत्या. काळा चिखल. सलीमभाई बसले, आखूड दांडा पुढे ढकलला, टक्, गाडी गेली आणि आली. "देखो!" ते म्हणाले. गजाननभाऊ बसले. गणपती बसवताना धरावं तसं त्यांनी स्टिअरिंग धरलं होतं, पण दांडा ढकलला, टक्, गेले आणि आले. मग मी. दांडा जड आहे. मला पुढे वाकून, खांद्याचा जोर लावून, हात सरळ करून तो पार शेवटापर्यंत न्यावा लागला. शेवटी एक टक् येतो, तळहाताला कळतो. गेले आणि आले. साडीला चिखल.

"आता साहेब," मी हाक मारली.

ते आले. बसले. मी मुद्दाम शेजारच्या सीटवर बसले. त्यांनी डावा हात दांड्यावर ठेवला आणि मनगटानं ढकलला. कोपर बरगड्यांना चिकटलेलंच. दांडा अर्ध्यावर गेला. टक् आला नाही. त्यांनी क्लच सोडला, गाडी चिखलात शिरली, आणि मधोमध, खाड्! दांडा मागे.

"पाहा!" डॉक्टरसाहेब आनंदानं ओरडले. "म्हटलं नव्हतं? दोष आहे! आता बोला ना सलीमभाई! दोष आहे का नाई?"

इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर वासरू निघतानाच पाहिला असेल. दोष सापडला होता. गुरुवारच्या बैठकीत सांगता येणार होतं. सलीमभाई चाकोरीच्या काठावर उभे होते. त्यांनीही कोपर पाहिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मी हात वर केला, ते थांबले.

"साहेब," मी म्हटलं, "हात वर करा."

त्यांनी उजवा हात वर केला.

"डावा."

"काहून?"

"करा ना."

"बाई, तुमी काय आता माझी तपासणी करून राहिले?"

"करा."

त्यांनी डावा हात उचलला. तो छातीच्या उंचीपर्यंत आला आणि तिथे थांबला. त्यांनी तो आणखी वर न्यायचा प्रयत्न केला. हात गेला नाही, सगळं अंगच उजवीकडे झुकलं. गजाननभाऊंनी मान वळवून कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांकडे पाहायला सुरुवात केली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडीपासून. असते थोडं. तेल लावतो."

"उन्हाळा गेला, पावसाळा आला."

"तेच म्हणून राहिलो, थंडीपासून."

जनावरांच्या डॉक्टरचा डावा हात कशासाठी असतो ते मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. गाय गाभण आहे की नाही हे पाहायला डॉक्टर डावा हात खांद्यापर्यंत तिच्या आत घालतो, गाय आतून हात आवळते, आणि तो अवघडलेल्या हातानं चाचपडून निदान करतो. सरकारी नोकरीत आणि आमच्याकडे मिळून त्यांनी हे आयुष्यभर केलं. जनावरांनी त्यांचा खांदा थोडा थोडा करून झिजवला होता, आणि आता तो आखूड दांड्यापर्यंत पोचत नव्हता.

आम्ही चिखलातच बसून होतो. ते म्हणाले, "मंग डब्बा बरा आहे म्हणता."

"दिसतोय बरा."

"अर्धवट लागून लागून दात घासले असतील आतले," काठावरून सलीमभाई म्हणाले. त्यांचा आवाज एरवीपेक्षा लहान होता. "खोलून पाहतो. दोन दिवस का काम. पण साहब, दांडा पुरा ढकलना पडेगा. पार्ट नवा टाकला तरी."

"ऐकलं," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि दार उघडून उतरले. उजव्या हातानं.

इथपर्यंतचं मी समितीला सांगितलं. ट्रान्सफर केसमध्ये मोठा दोष नाही, झिजलेला भाग बदलला, यापुढे गाडी गजाननभाऊ चालवतील. समितीला हे पटलं, कारण मी ते मुद्देसूद सांगितलं. जीप राहिली, पलीकडची गावं राहिली. डॉक्टरसाहेब शेजारच्या सीटवर बसू लागले आणि तिथून गाडी तोंडानं चालवू लागले. "गजानन, हळू गा! भैताडा, दगड हाय तठी! क्लच सोड, अबे सोड ना!" गजाननभाऊंवर ते एका आठवड्यात जेवढे ओरडले तेवढे बारा वर्षांत ओरडले नव्हते, आणि दर वेळी नाल्यात शिरताना आखूड दांडा टक् वाजला की म्हणत, "हं."

प्रश्न सुटला होता. पण कोपर माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं, आणि साबणही. म्हणून पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी मी गजाननभाऊंना माझ्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, "त्या अडलेल्या गायीच्या पोटात हात कुणी घातला होता?"

त्यांनी मागे वळून दार लोटून घेतलं.

"मी," ते म्हणाले.

"आणि गाभण तपासायला?"

"मीच. थंडीपासून. साहेब बाजूले उभे राहतात, गायीच्या पाठीवर हात ठेवतात. मले सांगतात, 'डावीकडे जा, खाली, नारळासारखं लागते काय? का मोसंबीसारखं?' मी सांगतो. मंग साहेब ठरवतात." मग घाईघाईनं, "शिकवलं मले त्यांनी, मॅडम. चांगलं शिकवलं. रोज शिकवतात. लोकांले सांगतात, गजाननचं प्रशिक्षण सुरू आहे."

"आणि चुकलं तर?"



चुकलं होतं. पलीकडच्याच एका गावातल्या बाईंनी जूनमध्ये माझ्याकडे येऊन भांडण केलं होतं. आमच्या डॉक्टरांनी थंडीत त्यांची गाय रिकामी, म्हणजे गाभण नाही, असं सांगितलं. त्यांच्या नवऱ्यानं उन्हाळ्यात भाकड म्हणून व्यापाऱ्याशी बोलणी केली, दोर हातात द्यायचा बाकी. गायीच्या पोटाकडे पाहून या बाईंना शंका आली म्हणून त्या आडव्या उभ्या राहिल्या, गाय दिली नाही, आणि पुढच्या महिन्यात ती व्याली. "माझ्या घरचं दूध गेलं असतं वं बाई," त्या म्हणत होत्या, "लेकरं काय प्याले असते? मी आडवी उभी राहिली नसती तर?" मी डॉक्टरसाहेबांना विचारलं तेव्हा ते माझ्यावरच तापले. म्हणाले, कुणी तारखा चुकीच्या सांगितल्या असतील, आणि आतल्या खोलीत निघून गेले. त्या दिवशी त्यांनी दुपारी डबा उघडला नाही. मला वाटलं, रागानं.

आता जे करायला हवं ते स्पष्ट आहे, आणि मी स्पष्ट कामं करणारी बाई आहे. हाडांच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली. ते गेले नाहीत. पुन्हा घेतली. गेले, आणि त्या डॉक्टरांना विचारून आले की त्यांच्याकडे बैलाच्या खांद्याचा एक्स-रे निघतो का. व्यायाम दिलाय, करतात, भिंतीवर बोटं चढवायचा. माझ्या वेळापत्रकाच्या भिंतीवर. बोटांचे ठसे मंगळवारपर्यंत पोचलेत. खांदा किती सुटेल ते सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले.

तोपर्यंत पलीकडच्या गायींना डॉक्टरचा हात हवा, मदतनिसाचा नव्हे. त्यासाठी एक तरुण पशुवैद्यक नेमायला हवा, जो साहेबांबरोबर जाईल आणि तपासणी करील. बाजूला उभं राहून निदान साहेबांनी खुशाल करावं. अध्यक्षांशी मी बोलले, ते तयार आहेत. जाहिरातीचा मजकूर मी लिहिला: पात्रता, अनुभव, पावसाळ्यात प्रवासाची तयारी. छापायला देण्याआधी तो साहेबांना दाखवायचा, कारण त्यांना पेपरात वाचून कळलेलं चालणार नाही.

परवा सांगणार होते, तर एक उशी शिंकत होती. काल सांगणार होते, तर लशी आल्या. आज सकाळी कागद घेऊन खाली गेले. जीप सुरू होती, गजाननभाऊ स्टिअरिंगवर, डॉक्टरसाहेब शेजारी, मांडीवर गुळाची पिशवी. मला पाहून त्यांनी काच खाली केली.

"बोला बाई. कोणतं जनावर?"

"आल्यावर बोलू," मी म्हटलं.

"हाव," ते म्हणाले. "चाल गा गजानन, नाल्याले पाणी चढून राहिलं असंल."

कागद टेबलावर आहे. वर तारीख घालायची राहिली आहे.